रागावरचा बायबल कोर्स, चार स्टार
चर्चमधल्या एकाने सुचवला म्हणून हा ऑनलाइन कोर्स केला, वाटलं परत तेच 'प्रार्थना करा' ऐकायला मिळणार, पण पहिलाच धडा बायबलमधल्या इफिस 4:26 या वचनावर, म्हणजे राग येणं वेगळं आणि सूर्य मावळला तरी तो धरून बसणं वेगळं, आणि मी तर आठ आठ दिवस अबोला धरणारा माणूस! याकोब 1:19 चा सराव भारी आहे, आधी ऐकायचं मग सावकाश बोलायचं, बायकोवर ट्राय केला तर तिलाच संशय आला 😄 ऑडिओ मात्र जाम रटाळ. आणि येशूने मंदिरात सराफांचे, म्हणजे पैसे बदलून देणाऱ्यांचे, चौरंग रागाने उलथले त्यावर जेमतेम दोन मिनिटं, माझा खरा प्रश्न तिथेच होता ना. राग अजून येतो, पण झोपायच्या आधी सॉरी म्हणून मोकळा होतो.