पीचच्या दोन पेट्या, २,६०० रुपये आणि "चार दिवस उघडू नका"

"काकू, पेटी चार दिवस उघडू नका. फ्रीजमध्ये तशीच ठेवा, गोडी भरते." पीच विकणारा असं सांगायला लागला की तिथल्या तिथे पेटी त्याच्या हातात परत द्या. मी दिली नाही.

लेक डोहाळजेवणाला माहेरी आली होती. सातवा महिना, पुण्यात पीच खायची सवय, म्हणाली, "आई, इथे मिळतील का गं?" आपल्याकडे हे रोजचं फळ नाही. डाळिंब मला हातात घेतल्याबरोबर कळतं, बोरं-सीताफळ कळतं, पीच मी जन्मात तीन-चारदा घेतलं असेल. आमच्या जुळे सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात होती, "हिमाचलचा माल, थेट बागेतून, घरपोच." ४ किलोची पेटी १,१८० रुपये. मी दोन सांगितल्या, २,३६०. घरपोच आणायचे ६०. वर "फळ ताजं ठेवणाऱ्या पुड्या" ४ नग, ४५ प्रमाणे १८०. एकूण २,६००, सगळे स्कॅनरवरून. स्कॅन केल्यावर नाव दुसऱ्याच बाईचं आलं. "वहिनीचं खातं आहे की काकू," म्हणाला. मी पैसे पाठवले.

पुढचं आठवलं की आजही रात्री झोप लागत नाही. अंगणात त्याने एका पेटीचं झाकण वर केलं. कागदाच्या कपच्यांत लालबुंद फळं. मी वाकून बघितलं आणि मला वासच आला नाही. पिकल्या पीचचा वास खोलीभर होतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. इथे नुसता पुठ्ठ्याचा वास, आणि खालून कुठूनतरी आंबलेल्या रसाची झाक. पेटीचा तळ ओलसर होता. नव्या चिकटपट्टीखाली जुनी पट्टी अर्धवट फाडलेली दिसत होती. हे सगळं मी पाहिलं. आणि त्याने काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "लांबून आलंय, वाटेत पुन्हा बांधली असेल पेटी." त्याला सबब मी पुरवली! बाहेर पारा ४२ वर, घरात पाहुणे, लेक दारात उभी राहून हसत होती. त्या घाईत कुणाचंही असंच झालं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी पेट्या उघडल्या. ४१ आणि ४३, मिळून ८४ फळं. वरचा थर सोडला तर खाली हिरवी, दगडासारखी कडक, देठाशी सुरकुतलेली, आणि तळाशी तपकिरी सडलेली, बुरशी धरलेली. खाण्याजोगी निघाली १९. तीही कापली तर आत पिठूळ, कोरडी, बियाभोवती तपकिरी. एका पेटीतल्या फळांचं वजन भरलं ३ किलो ४३० ग्रॅम. बाकीचा पुठ्ठा आणि कागद. फोन केला तर म्हणतो, "तक्रार २४ तासांत करायची असते. आणि तुम्ही फ्रीजमध्ये ठेवलं म्हणून बिघडलं." अरे, ठेवायला सांगितलं कुणी?

त्यातली मेख मला नंतर कळली. कच्चं पीच साधारण २ ते ८ अंशांत ठेवलं की आतून खराब होतं, पिकवलं तरी रस धरत नाही. आपल्या घरच्या फ्रीजचं तापमान नेमकं तेवढंच. म्हणजे चार दिवसांत त्याची मुदतही टळली आणि दोष माझ्या माथी आला. लाल रंगावर जाऊ नका, तो उन्हाने येतो. लालीच्या मागचा रंग बघा: पिवळा किंवा साईसारखा हवा, हिरवा असेल तर फळ कच्चं तोडलंय. असं फळ मऊ पडेल, पण झाडावरच्यासारखी गोडी त्याला येत नाही.

चौकीत गेले. "काकू, फळं आहेत, सडणारच." मी फोटो दाखवले, त्यांनी पाहिलेही नाहीत. दुसरीकडे पाठवलं. तिथे म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, माल मिळाला, मग ही ऑनलाइन फसवणूक कशी? तिसऱ्या ठिकाणी पाऊण तास बाकावर बसवून सांगितलं, घरपोच विक्री आमच्या हद्दीत नाही. अडीच हजारांसाठी का फिरताय, असं एकाने तोंडावर विचारलं. पेन्शनीतले अडीच हजार आहेत ते. तीन दिवसांत रिक्षालाच ३४० गेले. पुरावा म्हणून सांभाळलेली फळं तोवर पिशवीतच पाण्यासारखी झाली, आणि मग म्हणे, "माल कुठाय?"

बिल मागा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे माल विकून बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. माझ्याकडे होती कच्ची चिठ्ठी, ना नाव ना पत्ता. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तरी तक्रार कुणाविरुद्ध लिहायची?

पेटी त्याच्यासमोर तळापर्यंत रिकामी करा. देठाशी नाक लावा. अंगठा रुतवू नका, देठाजवळ तळव्याने हलकं दाबा. किंचित दबलं तर खायला तयार. कच्चं असेल तर माठाजवळच्या गार कोपऱ्यात कागदावर एकेरी मांडा, देठ खाली. घाई असेल तर कागदी पिशवीत केळ्यासोबत ठेवा. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ बघा, आपल्या उकाड्यात फळ एका दिवसात उतरतं. पिकलं की मगच फ्रीज, न धुता, आणि तीन-चार दिवसांत संपवा. एक सडलं की लगेच बाहेर काढा, शेजारची जातात. शेजारच्या अक्कांना हे सगळं ठाऊक होतं. त्या दोन दिवस अक्कलकोटला गेल्या होत्या, नाहीतर मी फसलेच नसते.

डोहाळजेवणाच्या ताटात शेवटी डाळिंब ठेवलं. लेक काही बोलली नाही, तेच मला सहन झालं नाही.

त्या माणसाचा पांढरा पिकअप आमच्या भागात अजून फिरतो. त्याच्याकडून कुणी घेतलं असेल तर चिठ्ठी, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि पेटी उघडतानाचे फोटो पुसू नका. सोमवारी सकाळी अकराला मी पुन्हा चौकीत लेखी अर्ज द्यायला जाणार आहे, आणि पोच घेतल्याशिवाय उठणार नाही. आणखी दोघं-तिघं सोबत आले तर अर्जावर सगळ्यांच्या रकमा घालू.