मॉरिस मायनरचा कार्बोरेटर: ४०,२५० रुपये गेले, आणि वर विचारतात "पार्सल मिळालं ना?"

आकडा आधीच लिहितो. ४०,२५० रुपये. पोलीस ठाण्यापासून बँकेपर्यंत प्रत्येकाने पहिला प्रश्न "किती गेले?" हाच केला आणि उत्तर ऐकून प्रत्येकाचा चेहरा "एवढेच?" असा झाला. हो, एवढेच. कष्टाचे होते.

वडिलांची १९५४ ची मॉरिस मायनर आहे, सीरीज टू, ८०३ सीसी. तिच्यावर कुठल्याशा मिस्त्रीने कधीतरी भलत्याच गाडीचा कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) चढवून ठेवलेला. मूळचा एसयू कंपनीचा एच-वन कार्बोरेटर मिळावा म्हणून नाना पेठ झाली, कुर्ल्याचं भंगार झालं, चोर बाजारही झाला. कुठेच नाही. मग ऑनलाइन लिलावात एक नग दिसला: "न वापरलेला जुना माल, मूळ मेणकागदात." फोटो सुरेख होते. लाल कापडावर ठेवलेला कार्बोरेटर, घुमटाच्या स्क्रूखाली नंबर ठोकलेली पितळी पट्टी, शेजारी मोजपट्टी. मी ३६,००० पर्यंत बोली चढवली. शेवटच्या मिनिटाला कुणीतरी ३६,५०० लावून तो उचलला.

हा 'कुणीतरी' विक्रेत्याचाच माणूस असतो, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. खोट्या बोलीने तो तुमच्याकडून तुमची कमाल किंमत वदवून घेतो. दुसऱ्या दिवशी निरोप येतो: जिंकणारा मागे हटला, तुमची बोली दुसरी होती, तुमच्याच भावात देतो, फक्त संकेतस्थळाचं कमिशन वाचवू, थेट व्यवहार करू. जिंकणारा खरोखर मागे हटला, तर दुसऱ्याला संधी देण्याची सोय संकेतस्थळातच असते आणि पैसेही तिथूनच जातात. बाहेर बोलावलं की विषय संपला, फोन ठेवा.

मी फोन ठेवला नाही, आणि त्याला कारण होतं. त्या माणसाला गाडीतलं कळत होतं. एच-वनचं तोंड एक पूर्णांक एक अष्टमांश इंच असतं आणि नंतरच्या मायनर १००० ला सव्वा इंची एच-टू येतो, हे त्याने मी न विचारता सांगितलं. "काका, तुमची ८०३ आहे ना, मग एच-टू घेऊन फसू नका," असं वर बजावलं. ज्याला एवढं कळतं तो भामटा असेल असं कुणाला वाटेल? भामट्यांनी अभ्यास केलेला असतो, हे आता लिहून ठेवतो. तुमच्या गाडीबद्दल त्याला किती माहिती आहे, यावरून त्याची पारख करू नका.

२०,००० आगाऊ मागितले. क्यूआर पाठवला. तो स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव आलं, आणि ते नाव विक्रेत्याचं नव्हतं. कुठल्याशा मोबाईल रिचार्जच्या दुकानाचं होतं. तो पडदा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी तिथे थांबलो होतो, त्याला फोनही केला होता. तो एका दमात म्हणाला, "भावाचं दुकान आहे काका, माझी आजची यूपीआयची मर्यादा संपली." आपल्याकडे बायकोच्या, मेव्हण्याच्या, शेजाऱ्याच्या खात्यावर पैसे घेणारे प्रामाणिक दुकानदार गल्लोगल्ली आहेत, दूधवाल्याचे पैसे त्याच्या मुलाच्या नावावर जातात. त्या सवयीवरच हे लोक जगतात. पण मर्यादेचं कारण मुळातच पोकळ होतं. रोजची मर्यादा पैसे पाठवणाऱ्याला आडवी येते. घेणाऱ्याला माझे २०,००० घ्यायला कसली अडचण? हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं. तोवर पिन टाकून झाला होता. नाव जुळत नसेल तर पैसे देऊ नका. कारण कितीही घरगुती असलं तरी.

नंतर कुरिअरची पावती दाखवून १६,०००. पॅकिंग आणि विम्याचे १,८५०. खोकं आलं.

आत एसयू होता, पण कुठल्यातरी मेलेल्या गाडीवरून काढलेला, तांबडी पॉलिश मारून चकचकीत केलेला. एसयूमध्ये पिस्टन आणि त्यावरचं घुमटासारखं चेंबर जोडीनेच जुळवलेले असतात. एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या चेंबरमध्ये धड चालत नाही. डँपर (पिस्टनची हालचाल संथ करणारा वरचा दांडा) काढून पिस्टन उचलून सोडला की तो सरळ खाली येऊन टक् असा आवाज करत बसला पाहिजे. माझा अर्ध्यावर अडकला. थ्रॉटलचा स्पिंडल (झडपेचा दांडा) बोटाने खालीवर हलत होता, म्हणजे तिथून हवा ओढणार आणि गाडी कधीच नीट आयडलिंगला राहणार नाही. पितळी पट्टी स्क्रूखाली नव्हतीच, गोंदाने चिकटवली होती. असा माल घेताना पिस्टन पडतानाचा आवाजासकट व्हिडिओ मागा, स्पिंडल हलवून दाखवायला सांगा, आणि त्याच व्हिडिओत त्या दिवशीचं वर्तमानपत्र दिसू द्या. नुसते फोटो कुठूनही उचलता येतात.

विक्रेत्याने फोन उचलला, हे विशेष. "परत पाठवा, पूर्ण पैसे देतो, पिकअपचे २,४०० भरा." भरले, कारण ३७,८५० परत येण्याची आशा होती. पिकअपला कुणी आलं नाही. त्याऐवजी 'रिफंडचा' क्यूआर आला, स्कॅन करून पिन टाका म्हणून. तो मी टाकला नाही. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

आता खरी चीड सांगतो. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, पावती क्रमांक मिळाला. पैसे गेल्याच्या पहिल्या काही तासांत कळवलं तर ते खात्यातच गोठवता येतात. पण मला फसल्याचं कळलं ते खोकं उघडल्यावर, आणि तोवर रक्कम पुढच्या खात्यांत पांगली होती. म्हणजे ते भंगार पाठवण्यामागचा हेतूच हा. काहीच न पाठवणारा लवकर पकडला जातो. कचरा पाठवणाऱ्याला तुम्ही वाट पाहत बसता तेवढे दिवस फुकट मिळतात.

आणि कचरा पाठवण्याचा चोराला होणारा दुसरा फायदा पोलीस ठाण्यात कळला. "पार्सल मिळालं ना? मग हा व्यवहारातला वाद. दिवाणीत जा." मी पितळी पट्टी काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी ती बघितलीही नाही. सायबरला जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, तुमच्या ठाण्यातच नोंद व्हायला हवी. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. लिलाववाले म्हणाले, व्यवहार आमच्या बाहेर झाला. सगळ्यांचं आपापल्या जागी बरोबर, आणि चोर मोकळा! खोट्या फोटोंवर, खोट्या नावाने, खोटी पट्टी चिकटवून माल विकणं हा वाद कसा? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. संगणकाचा वापर करून दुसऱ्याच्या नावाने ठकवण्याविरुद्ध माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ ड आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असो, नोंद घ्यावी असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. हे कलम मी, एका सामान्य माणसाने, ठाण्यातल्या माणसाला वाचून दाखवायचं? त्यावर उत्तर काय, तर "काका, कायदा शिकवू नका."

तुमच्यावर ही वेळ आली तर तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. नोंद नाकारली की तोच मजकूर लेखी, टपालाने, पोलीस अधीक्षकांना पाठवा (शहरात असाल तर आयुक्तालयात) आणि पोचपावती जपा. मी पाठवला आहे, उत्तर आलेलं नाही. पुढची पायरी दंडाधिकाऱ्यांची. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि आपण राहतो तिथेच दाद मागता येते. पण त्यासाठी समोरच्याचा खरा पत्ता लागतो, आणि मला दिलेल्या पत्त्यावर त्या नावाचं कुणी राहत नाही. म्हणून पैसे देण्याआधी पत्ता पडताळा. ओळखीतल्या कुणाला तिथे धाडा. खोकं उघडताना सलग व्हिडिओ घ्या. आणि 'दुर्मीळ' ऐकून विरघळण्याआधी इंग्लंडमध्ये सॉल्सबरीला बर्लेन कंपनी एसयूचे जेट, नीडल, स्पिंडल, गास्केट आजही नवे बनवते, हे बघून घ्या. माझ्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने तसं किट मागवून जुनाच एसयू जिवंत केला. जकात धरूनही खर्च माझ्या नुकसानीच्या जवळपास गेला नाही.

काल रात्री तेच लाल कापड, तीच मोजपट्टी, तीच पितळी पट्टी वेगळ्या नावाने पुन्हा लिलावाला लागली आहे. बोली ३१,००० वर आहे. लावणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर आत्ताच थांबा, आणि मला कळवा. त्याने तुम्हाला पाठवलेला क्यूआर आणि त्यावर दिसणारं नाव मला तक्रारीला जोडायचं आहे.