डाउनहिल रेसिंग स्की, २१० सेंमी: मुंबईत राहून वापरल्यानंतरचा अनुभव

ज्यांना खरंच फास्ट स्कीइंग करायचंय आणि लांब स्की घ्यावी का असं वाटतंय त्यांच्यासाठी लिहितेय. गेला हिवाळा गुलमर्गला आणि नंतर उन्हाळ्यात ऑस्ट्रियातल्या हिंटरटुक्स ग्लेशियरवर एका क्लबच्या स्पीड कॅम्पला ही जोडी वापरली, बाकीचे महिने ती माहीमला घरी होती. माझं मत आधीच सांगते: बंद केलेला रिकामा उतार मिळत असेल तर हिच्यासारखं दुसरं काही नाही, आणि तो मिळत नसेल तर ही घेऊच नका.

जोडी सेकंडहँड आहे, रेस रूममधली (कंपनी खास रेसर्ससाठी बनवते त्यातली), म्हणजे दुकानात रेस स्की म्हणून जे विकतात त्यापेक्षा बरीच कडक. आत लाकडाचा कोअर, वरखाली टायटॅनलचे म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे थर. एफआयएस म्हणजे आंतरराष्ट्रीय स्की फेडरेशनच्या नियमात बायकांच्या डाउनहिलला, म्हणजे सगळ्यात वेगाच्या शर्यतीला, किमान लांबी २१० सेंमी आणि किमान रेडियस (स्कीच्या कडेच्या वळशाची त्रिज्या) ५० मीटर, पुरुषांना लांबी २१८. अमेरिकेची डाउनहिल रेसर लिंडसी वॉन तर पुरुषांच्याच स्की वापरायची, मी तिथे जायचा विचारही करत नाही, कारण २१० लाच पायात इतकी ताकद लागते की जिममध्ये स्क्वॉट्स वाढवावे लागले.

आता वेगाचं. जायंट स्लॅलमच्या (जास्त वळणांच्या शर्यतीच्या) १८८ सेंमी स्कीवर मी बरीच वर्षं आहे, त्याच्यावर ७०-८० किमीच्या पुढे गेलं आणि स्की सपाट ठेवली की टोकं डावी-उजवी पकड शोधायला लागतात, पायाला सारखे बारीक झटके बसतात आणि त्या झटक्यांनी नकळत वजन मागे जातं. २१० वर हे जवळजवळ बंद होतं. कडेचा वळसा इतका उथळ आहे की सपाट ठेवली तर ती सरळ जाते, वजन लांबीभर पसरतं, टायटॅनल थरथर खाऊन टाकतं. हिंटरटुक्सला सकाळच्या कडक बर्फावर जीपीएस घड्याळात ९० च्या वर आकडा होता आणि पायाखाली इतकी शांतता होती की मला पहिल्यांदा पुढचा गेट (वळणाची खूण असलेले खांब) नीट बघायला वेळ मिळाला, त्या आनंदासाठी मी पुढची दहा वर्षं पैसे साठवायला तयार आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर विरोध चौपट, म्हणून त्या वेगात टकमधून (खाली वाकून अंग गोळा केलेल्या स्थितीतून) नुसतं उठलात तरी छातीवर हवा आदळते आणि लगेच ब्रेक लागतो. स्की शांत असेल तरच टक धरून ठेवता येतो, लांबीचा खरा फायदा मला तिथे कळला. (स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनच्या डाउनहिलला २०१३ मध्ये फ्रान्सच्या योहान क्लारेने १६१.९ किमी वेग गाठला होता, माझा ९० चा अनुभव घेतल्यापासून तो आकडा मी वेगळ्या आदराने वाचते.)

टर्न मात्र फार आधी ठरवावा लागतो. ९० ला तुम्ही सेकंदाला २५ मीटर जाता आणि स्की एजवर (कडेच्या स्टीलच्या पट्टीवर) तिरकी चढवल्यावर रेडियस कमी होतो खरा, ६० अंशाला ५० चा साधारण २५ होतो, पण त्या अंशापर्यंत जायला वेग पण हवा आणि धीर पण हवा. कमी वेगात ती कार्व्ह करतच नाही, म्हणजे एजवर स्वच्छ वळतच नाही, घसरवत न्यावी लागते, लिफ्टच्या रांगेपर्यंत पोचणं म्हणजे चाळीच्या जिन्यातून गोदरेजचं कपाट उतरवणं.

गुलमर्गबद्दल स्पष्टच लिहिते कारण आपल्याकडून बहुतेक जण तिथेच जातात. गुलमर्गचं नाव आहे ते अफरवट शिखराच्या भुसभुशीत बर्फासाठी आणि त्या बर्फात ही अरुंद स्की सरळ बुडते, गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर नेऊच नका. कोंगडोरीहून (गोंडोलाचा पहिला टप्पा संपतो तिथून) खाली गुलमर्गपर्यंत उंचीतला फरक साधारण ४०० मीटरचा, बायकांच्या डाउनहिल कोर्सला नियमाने किमान ४५० लागतात, आणि खाली तर टुरिस्ट, स्लेजवाले, पहिल्यांदा स्की घातलेली पोरं सगळे एकत्र असतात. थांबायचं अंतरही वेगाच्या वर्गाने वाढतं हो, त्यामुळे तिथे लोकांच्या मधून हा वेग काढणं म्हणजे गुन्हाच आहे असं माझं मत आहे. सकाळी लवकर, बर्फ दाबून सपाट करणारं मशीन फिरल्यावर, कोचने दोन्ही टोकांना माणसं उभी केली तेव्हाच मी लांब स्की घातली, बाकी दिवसभर १८८. भारताची स्कीपटू आंचल ठाकूरने २०१८ मध्ये तुर्कस्तानात ब्राँझ मिळवलं ते स्लॅलममध्ये, म्हणजे जवळजवळच्या वळणांच्या शर्यतीत, आणि मला वाटतं भारतातल्या उतारांवर तयारी करून तिथपर्यंत पोचायचा तोच शहाणा रस्ता आहे, स्पीडसाठी बाहेर जावंच लागतं.

मुंबईतलं आता. आमच्या लिफ्टमध्ये जोडी तिरकी करूनही जात नाही, पाचव्या मजल्यावरून जिन्याने. टॅक्सीत मागच्या काचेपासून पुढच्या डॅशबोर्डपर्यंत. फ्लाइटला बुकिंगच्या वेळीच बॅगची लांबी सांगून लेखी घ्या, मला काउंटरवर दोनदा वेगवेगळं उत्तर मिळालंय. पण सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे इथली खारट दमट हवा. स्टीलच्या एजवर दोन दिवसांत तांबूस डाग दिसायला लागतात. मी काय करते तर परत आल्यावर आधी पूर्ण सुकवून, एज डायमंड स्टोनने साफ करून, मग बेसवर (स्कीच्या तळावर) आणि एजवरसुद्धा जाड वॅक्स इस्त्रीने चढवते आणि ते न खरवडता तसंच ठेवते, थेट पुढच्या सीझनला खरवडायचं. बंद बॅगेत अजिबात ठेवायची नाही, ओल आत अडकते. माझी कपाटावर आडवी असते, सुती चादरीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. जून ते सप्टेंबर दर महिन्याला उघडून बघते, अख्खा पावसाळा गेला तरी एज स्वच्छ आहेत. वॅक्स साधं हायड्रोकार्बनचं घ्या, फ्लोरोवालं एफआयएसने २०२३-२४ पासून रेसमध्ये बंद केलंय आणि दोन खोल्यांच्या घरात ते वितळवायचंही नाही. इस्त्री करताना खिडक्या उघड्या, घरातल्यांना बाहेर पाठवा.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड, हा विषय लोक हलक्यात घेतात. रेस बाइंडिंगचं सेटिंग जिथून सुरू होतं तेच हलक्या माणसाला जास्त असू शकतं, म्हणजे पडल्यावर सुटायला हवं तेव्हा सुटणार नाही आणि गुडघा जाईल. स्कीसोबत आलेलं बाइंडिंग तसंच वापरू नका, वजन, उंची, बुटाच्या सोलची लांबी सांगून जाणकाराकडून तपासून घ्या. हेल्मेटवर एफआयएस आरएच २०१३ चा (रेस हेल्मेटच्या मान्यतेचा) स्टिकर बघा, बॅक प्रोटेक्टर पाहिजेच.

सेकंडहँड घेताना एजची किती जाडी उरलीय ते आधी पाहा, रेसवाल्यांनी घासून घासून संपवलेली असते, मग बेसवर स्टीलची पट्टी आडवी ठेवून उजेडात धरा, मधून उजेड दिसला तर दगडावर घासून घ्यायचा खर्च धरा. दोन्ही स्की तळाला तळ लावून दाबा, टोकं सारखी जुळली पाहिजेत.

या हिवाळ्यात गुलमर्गला फक्त १८८ नेणार आहे. लांब जोडी आता क्लबच्या स्की रूममध्ये ठेवायची बोलणी चालू आहेत, भाडं वाजवी वाटलं तर पुढच्या कॅम्पनंतर ती तिकडेच राहील.