चाळिशीनंतर पहिली टीप : डोंबिवलीतील एका शिवणवर्गाचा अनुभव

डोंबिवली पूर्वेला रविवारी सकाळी भरणाऱ्या एका शिवणवर्गात मी आठ आठवडे गेलो. वर्गाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही मांडायच्या आहेत आणि घराच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या वर्गाला त्यांचा विनाकारण फटका बसावा, अशी माझी इच्छा नाही. मात्र ज्यांनी आयुष्यात कधी मशीनला हात लावलेला नाही आणि वयाच्या चाळिशी-पन्नाशीत शिवण शिकावेसे वाटते, त्यांना अशा वर्गात काय मिळते आणि काय मिळत नाही, हे सांगता येईल इतका अनुभव माझ्या गाठीशी आता आहे.

पहिली अडचण प्रवेशाचीच होती. दोन ठिकाणी ‘लेडीज बॅच आहे’ असे सांगून मला परत पाठवण्यात आले. माझ्या आजवरच्या सगळ्या विजारी पुरुष शिंप्यांनीच शिवल्या आहेत, तरी शिवण शिकायला आलेला पुरुष पाहून लोक का दचकतात, हे कोडे मला उलगडलेले नाही. या वर्गात तसे काही झाले नाही. आम्ही सात जण होतो. त्यांत एक निवृत्त लिपिक, एक परिचारिका, नुकतीच आई झालेली एक तरुणी आणि महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा असे सगळे होते. आठ आठवड्यांचे शुल्क चार हजार रुपये आणि कापड, धागा, कात्री ज्याची त्याने आणायची.

पहिल्या दिवशी बाईंनी मशीनमध्ये धागा ओवू दिला नाही. रेघा मारलेला कागद सुईखाली ठेवून, धाग्याशिवाय, त्या रेघांवरून मशीन चालवायचे. आधी सरळ रेघा, मग चौकोन, मग नागमोडी वळणे. चौकोनाच्या कोपऱ्यावर थांबायचे, सुई खाली रुतलेली ठेवायची, दाबाचा पाय (कापड दाबून धरणारा मशीनचा भाग) उचलायचा, कागद फिरवायचा आणि पाय पुन्हा खाली सोडायचा. हे वाचायला पोरकट वाटेल, पण पायमशीनवर बसलेल्या नवशिक्याचे निम्मे कष्ट चाक उलटे फिरू न देण्यातच जातात आणि त्या वेळी धाग्याची चिंता नसणे, हा मोठा दिलासा असतो. छिद्रांची ओळ रेघेवरून किती सरकली, हे कागद उजेडात धरला की लगेच दिसते, त्यामुळे बाईंना रागवावे लागत नाही.

वर्गाची खरी गुणवत्ता दुसऱ्या रविवारी लक्षात आली. माझ्या कापडाखाली धाग्याचा भलामोठा गुंता झाला होता आणि गुंता खाली आहे म्हणून मी बॉबिन (खालच्या धाग्याची छोटी फिरकी) काढून पुन्हा पुन्हा भरत होतो. बाईंनी प्रत्येकाला वर लाल आणि बॉबिनमध्ये पांढरा धागा घालायला सांगितले व एक टीप मारून कापड उलटवले. खालच्या बाजूला लाल धाग्याचे फास लोंबत होते. ‘खाली दिसतंय ते वरच्या धाग्याचं दुखणं आहे,’ एवढेच त्या म्हणाल्या. दाबाचा पाय खाली असताना मी धागा ओवला होता, त्यामुळे तो धागा ताणून धरणाऱ्या चकत्यांमध्ये बसलाच नव्हता आणि सैल सुटून खाली ओढला जात होता. पाय वर करून पुन्हा ओवल्यावर टीप सुतासारखी सरळ आली. बॉबिनचा ताण पाहण्याची रीतही त्यांनी अशीच हातात देऊन शिकवली : बॉबिन केस, म्हणजे बॉबिनची डबी, धाग्याला लोंबकळत धरायची आणि हलकासा झटका द्यायचा, ती थोडीशी खाली येऊन थांबली तर ताण योग्य, सरसर घसरली तर स्क्रू किंचित आवळायचा.

सुई ओवणे हा चाळिशी लागलेल्यांच्या दृष्टीने वेगळाच विषय आहे. हातसुईचे नेढे मागच्या टोकाला असते, तर मशीनच्या सुईचे अणीजवळ; एलियस होवे यांनी 1846 मध्ये अमेरिकेत ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यातही ते तसेच होते. अणीजवळच्या या नेढ्यामुळेच धाग्याचा फास कापडाखाली तयार होतो आणि तिथल्या हुकाला तो पकडता येतो. तत्त्व कळले, तरी डोळ्यांना नेढे दिसत नाही ते नाहीच. सुईमागे पांढऱ्या कागदाचा तुकडा धरायचा आणि धाग्याचे टोक तिरके कापायचे, ही युक्ती बाईंनी सांगितली आणि ती चांगली उपयोगी पडली. परंतु दोन खोल्यांत मिळून दोनच ट्यूबलाइट होत्या आणि खिडकीजवळची जागा एकच. प्रौढांसाठी वर्ग चालवायचा, तर प्रत्येक मशीनवर एक छोटा दिवा ही चैन मानता येणार नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून वस्तू शिवायला घेतल्या : आधी उशीचा अभ्रा, मग बाजाराची पिशवी आणि नंतर पायजमा. अनेक वर्गांत झबल्या-टोपड्यापासून सुरुवात करण्याची प्रथा आहे. झबल्यात कापड थोडे लागते, हे खरे. परंतु इवल्याशा गळ्याला उरेब (तिरक्या कापलेल्या कापडाची) पट्टी लावणे नवशिक्याच्या जाड बोटांना जमत नाही, म्हणून इथला क्रम मला अधिक शहाणपणाचा वाटला. पायजम्याच्या वेळी पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा, हिशेब शिकवला, तो तर मला दुकानदाराकडूनही कधी कळला नव्हता. माझ्या मापाच्या पायजम्याचे दोन्ही पाय 58 इंची पन्ह्यात शेजारी-शेजारी बसतात, म्हणून सव्वा मीटर कापड पुरते; तेच 36 इंची पन्ह्याचे घेतले तर अडीच मीटर लागते. दादरला हिंदमाता भागात कापड घेताना मी भावाच्या आधी पन्हा विचारला, तेव्हा विक्रेत्याने माझ्याकडे जरा आदराने पाहिले, असे मला वाटले. सुती कापड कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवायचे, हा नियम मात्र आमच्यातल्या दोघांनी मोडला आणि त्यांचे पायजमे पहिल्याच धुण्यात घोट्याच्या वर गेले.

उसवण्याबाबत बाईंचे वागणे विशेष नोंदवण्यासारखे आहे. मी पायजम्याच्या एका पायाचे आसन (दोन पाय जोडणारा वरचा भाग) दुसऱ्या पायाच्या शिलाईला जोडून ठेवले होते आणि सगळे मिळून एक विचित्र पिशवी तयार झाली होती. बाईंनी ती हातात घेऊन न हसता उलटसुलट पाहिली, एक पाय सुलटा करून दुसऱ्या उलट्या पायाच्या आत सरकवून दाखवला आणि मग मला उसवायला बसवले. दर चौथा-पाचवा टाका कापायचा आणि दुसऱ्या बाजूचा धागा सबंध ओढून काढायचा, म्हणजे कापड फाटत नाही. त्या दिवशी माझा पाऊण तास त्यातच गेला आणि त्यांनी तो जाऊ दिला.

आता तक्रारी. सात जणांत पाच मशीन होती आणि त्यांतल्या एका पायमशीनचा पट्टा सैल असल्यामुळे ते प्रत्यक्षात निरुपयोगी होते, त्यामुळे दर रविवारी कोणाला तरी काजे-बटणांवर समाधान मानावे लागले. हातशिलाई महत्त्वाची आहेच, परंतु जागा भरण्यासाठी ती शिकवली जाते आहे, असे वाटू लागले की शिकणाऱ्याचा उत्साह मावळतो. डावखुऱ्या परिचारिकेला उजव्या हाताची कात्री वापरून तिरके कापड कापावे लागले आणि त्यावर बाईंकडे काहीच तोडगा नव्हता. सर्वांत मोठा आक्षेप शेवटच्या दोन आठवड्यांविषयी आहे. जाहिरातीत कुर्त्याचा उल्लेख होता. प्रत्यक्षात ब्राऊन पेपरवर आकृती काढणे आणि कापणे एवढेच झाले आणि शिवण्याचे काम ‘घरी करा किंवा पुढच्या कोर्सला या’ असे सांगण्यात आले. ज्याच्या घरी मशीन नाही, त्याला हा पर्याय नसून दुसरी फी आहे. शिवाय छातीचा चौथा भाग अधिक सैलपणा, हे एकच सूत्र सगळ्यांना लावले गेले. माझे खांदे उतरते आहेत, त्यामुळे मुंढ्याचा (बाही जिथे जोडतात त्या भागाचा) आकार माझ्यासाठी बदलायला हवा होता, पण तेवढा वेळच उरला नव्हता.

तरीही पायजमा, पिशवी, अभ्रा आणि घरातल्या उसवलेल्या शिलाया यांपुरते शिकायचे असेल, तर चार हजार रुपये वाजवी आहेत. ब्लाउज किंवा कुर्ता डोळ्यासमोर ठेवून जाणाऱ्यांनी मात्र किती जणांत किती चालू मशीन आहेत आणि शेवटचा कपडा वर्गातच पूर्ण होतो का, हे दोन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारावेत. स्वतःची कात्री न्यावी आणि तिने कोणालाही कागद कापू देऊ नये.

पुढच्या कोर्सचे पैसे मी अजून भरलेले नाहीत. कुर्त्याचे कापलेले भाग टाचण्या लावून कपाटात ठेवले आहेत आणि सध्या जुन्या पायमशीनच्या शोधात आहे.