पुरातली वॅगन आर आणि माझे १,६२,५०० रुपये

आधी आकडे सांगतो. हे आकडे लिहायची लाज वाटत होती म्हणूनच इतके दिवस गप्प बसलो. गाडी १,१८,०००. एनओसी (ना-हरकत दाखला) आणि ट्रान्सफरच्या नावाखाली ७,०००. पुढच्या सात महिन्यांत दुरुस्तीला ३७,५००. एकूण १,६२,५०० रुपये. गाडी आज गोठ्याच्या कडेला उभी आहे आणि आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, अजून चिपळूणच्या एका माणसाचं नाव आहे.

मी दूध संघात हिशेब लिहितो. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पावत्या तपासल्या, एका रुपयाचा फरक निघाला तरी रात्री थांबून शोधला. त्यामुळे 'कागद बघायचे ना' असं मला कोणी म्हटलं की डोक्यात सणक जाते. कागद बघितले होते. आरसी खरी होती, इन्शुरन्स चालू होता, एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला तर मालकाचं नाव जुळत होतं, बँकेचा बोजा नव्हता. सगळं बरोबर होतं, फक्त गाडी पुरातली होती. आणि ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

गाडी घ्यायची वेळ का आली तेही सांगतो, कारण 'हौसेला मोल नाही' असं नातेवाइकांत बोललं गेलंय. आईचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा, राहुरीहून नगरला. भाड्याची गाडी एका खेपेला १,२०० घ्यायची. महिन्याला साडेनऊ-दहा हजार नुसते जाण्यायेण्याचे. नवी गाडी आमच्या आवाक्यात नाही. एक-सव्वा लाखात चालती पेट्रोल गाडी मिळाली तर वर्षभरात पैसे वसूल होतात, हा हिशेब आजही मला चुकीचा वाटत नाही.

२०२१ चा दसरा १५ ऑक्टोबरला होता. त्याआधी आठ दिवस मी, बायको आणि भाचा असे पुण्याकडच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे गेलो. २०११ ची वॅगन आर, नंबर एमएच ०८. एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी. मीटरवर ४८,००० किलोमीटर. 'सिंगल ओनर, दादा. रिटायर मास्तरांची गाडी, बाजारापुरती काढायचे. घरातली गाडी समजून घ्या.' त्या मॉडेलला त्या वेळी दीड लाखाच्या वर मागत होते. त्याने १,४५,००० सांगितले आणि फार न ताणता १,१८,००० वर आला. इतक्या सहज कोणी सत्तावीस हजार सोडत नाही, हे मला तिथंच कळायला हवं होतं.

आणि आता तो क्षण, जो मी रोज आठवतो. चक्कर मारायला बसलो तेव्हा बायको मागून म्हणाली, 'कसला तरी वास येतोय. भिजलेल्या पोत्यासारखा.' डॅशबोर्डवर अत्तराच्या दोन बाटल्या लावलेल्या होत्या, दोन, आणि काचा आधीपासूनच खाली केलेल्या. मी तिलाच म्हणालो, बंद गाडीला वास येतोच. मग मी सीट बेल्ट लावायला ओढला. मी जरा जाड आहे, बेल्ट नेहमीपेक्षा जास्त बाहेर आला, आणि आतल्या पट्ट्यावर तपकिरी रेघ होती. रेघेच्या खाली पट्टा मळका आणि कडक, वर स्वच्छ. मी बोटाने घासलं. बोटाला माती लागली. डीलरला विचारलं. तो एक क्षणही थांबला नाही. 'कोकणातली गाडी आहे दादा. तांबडी माती सगळीकडे जाते तिकडे.'

मला ते पटलं. बोटाला लागलेली माती मी पँटला पुसली आणि टोकन दिलं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरानं चिपळूण बुडालं होतं. त्याच वर्षी, त्या दिवसाच्या अडीच महिने आधी. टीव्हीवर मी स्वतः बघितलं होतं, घरांचे पहिले मजले पाण्यात, गाड्या एकावर एक चढलेल्या. एमएच ०८ चा नंबर डोळ्यांसमोर, बोटाला गाळ, नाकात वास, आणि तरी तीन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्या नाहीत. तांबडी माती दारातून येते, पायपुसणीवर पडते. ती बेल्टच्या गुंडाळीत आत जाऊन सरळ रेघ मारून बसत नाही. सरळ रेघ फक्त पाणी मारतं.

म्हणून पहिलं हेच: चारही बेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी अडेपर्यंत. सीट धुता येते, गालिचा बदलता येतो, पण बेल्टच्या आतला शेवटचा वीतभर सहसा कोणी धूत नाही.

टोकन ५,००० फोनपेवर दिलं. दसऱ्याला ३०,००० फोनपेवर आणि ८३,००० रोख. रोख का? तर 'फोनपेवर एवढं घेतलं तर मला जीएसटी बसतो, मग गाडी सवा लाखाला पडेल'. ट्रान्सफरचे ७,००० पण रोख. पावती म्हणून हातात एक छापील कागद मिळाला, ज्यावर खाली बारीक अक्षरात 'गाडी पाहून-पारखून घेतली, नंतर कुठलीही तक्रार चालणार नाही' असं होतं. त्यावर माझी सही आहे. रक्कम लिहायच्या जागी त्याने फक्त ३५,००० लिहिले होते, 'बाकीचं आपल्या दोघांतलं'. हिशेब लिहिणाऱ्या माणसाने यावर सही केली. मुहूर्त टळत होता, आई घरी ओवाळायला ताट घेऊन बसली होती, एवढंच माझं स्पष्टीकरण आहे.

नोव्हेंबरात एसटीचा संप सुरू झाला आणि महिनाभर मला वाटलं की देवानेच वेळेवर बुद्धी दिली. मग ब्लोअर बंद पडला, २,६००. जानेवारीत सेल्फ घेईना, ३,८००, वर बॅटरी ४,२००. फेब्रुवारीत चाकांचे बेअरिंग ओरडायला लागले, ३,६००. दरवेळी मिस्त्री म्हणायचा, जुनी गाडी आहे, होतं असं. मार्चमध्ये डायलिसिस करून परत येताना विळद घाटात गाडी चालता-चालता बंद पडली. दिवे, हॉर्न, काहीच नाही. डायलिसिसनंतर माणूस किती गळून जातो हे ज्यांच्या घरात आहे त्यांना माहीत आहे. आई सव्वा तास मागच्या सीटवर आडवी होती. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते आणि एसटी बंद. टोइंगचे २,८०० गेले, पण त्या सव्वा तासाचा आकडा मला मांडता येत नाही.

या वेळी मिस्त्रीने सीट काढल्या, गालिचा उचलला. खाली वाळलेला गाळ, पापडीसारखा. नमदा अजून ओला. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजून फुगलेले. वायरिंगचे जोड उघडले तर पितळी पिना हिरव्या, कळंकलेल्या. तो म्हणाला, 'ही बुडालेली गाडी आहे. पाणी डॅशबोर्डपर्यंत होतं.' जुना ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ९,५००, अर्धं वायरिंग ११,०००. मेमध्ये पुन्हा बंद. तेव्हापासून उभी आहे.

लोकांना वाटतं बुडालेली गाडी सुरूच होत नाही. सुरू होते. तेल बदललं, प्लग सुकवले, पॉलिश मारलं की सुरू होते आणि काही महिने पळते. गंज वायरीच्या आत हळूहळू चढतो. तोवर डीलरने तुमचा नंबर ब्लॉक केलेला असतो.

दाराच्या आतल्या बाजूला ऑइल बदलल्याचा जुना स्टिकर अर्धवट खरवडलेला होता, त्यावर ९६,४०० वाचता येत होतं. मीटरवर ४८,०००. हा स्टिकर पहिल्या दिवसापासून तिथेच होता. दार उघडून कडेला वाकून बघायला किती वेळ लागतो?

आरसीवरच्या पत्त्यावरून शोधत शेवटी मूळ मालकाला फोन लागला. ते मास्तर नव्हतेच, त्यांचं दुकान होतं. त्यांनी काहीही लपवलं नाही. गाडी रात्रभर पाण्यात होती, विमा कंपनीने टोटल लॉस धरून पैसे दिले, भंगार म्हणून जो माणूस गाडी न्यायला आला त्याने मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतल्या. दुकान गेलेलं, घरात चिखल, त्या दिवसांत ते कशावर सही करतायत हे त्यांनी बघितलं नाही. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही.

दुरुस्तीचा खर्च विम्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात आणि सांगाडा लिलावात जातो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून नोंदणी रद्द करायची. पण टोटल लॉस हा विम्याच्या हिशेबातला शब्द आहे. गाडी 'निकामी' झाली असं कोणी म्हणत नाही, कारण म्हटलं तर सांगाड्याला भाव येत नाही. जिवंत आरसी हीच त्या सांगाड्याची खरी किंमत आहे, आणि ती मी भरली.

आता पोलिसांचं. माझ्या गावच्या ठाण्यात गेलो, 'व्यवहार जिथं झाला तिथं जा'. तिथं गेलो, सुट्टी टाकून, पदरचे पैसे घालून. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या वेळी, 'तुम्ही सात महिने गाडी वापरलीत की!' तिसऱ्या वेळी, 'हे दिवाणी स्वरूपाचं आहे, कोर्टात जा', आणि हातात अदखलपात्र नोंदीचा कागद. पुरातली गाडी मास्तरांची म्हणून विकणं, मीटर मागे करणं, ट्रान्सफरचे पैसे घेऊन ट्रान्सफर न करणं, याला फसवणूक म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? तेव्हा भादंवि ४२० होतं ना कायद्यात? मी ते म्हटलं तर हवालदार म्हणाले, 'वकील आहात का?' आणि मी ठाण्यात उभा असताना डीलरचा फोन आला, त्याच हवालदारांना, नाव घेऊन.

आरटीओत उत्तर मिळालं, 'आम्ही कागद बघतो. पूर आरसीवर लिहिलेला असतो का?' नाही ना? मग का नाही लिहीत? बँकेचा बोजा लिहिता, इंजिनचा नंबर लिहिता, रंग लिहिता. ही गाडी विमा कंपनीने टोटल लॉस म्हणून निकाली काढली, एवढी एक ओळ लिहायला काय जातं? विमा कंपनीला फोन केला तर 'पॉलिसीधारकाशीच बोलू'. पैसे देऊन सांगाडा विकणारे तुम्ही, आणि त्या सांगाड्यात डायलिसिसच्या पेशंटला घेऊन बसणाऱ्याशी बोलणार नाही.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. गाडी त्याच्या ताब्यात आली की मूळ मालकाने ते ऑनलाइन कळवायचं आणि पुढचे कागद करायची जबाबदारी डीलरची. नियम उत्तम आहे. माझ्या डीलरकडे ते प्रमाणपत्र आहे का, असं कार्यालयात विचारलं तर 'माहिती अधिकारात अर्ज करा'. केला. उत्तर आलं, 'माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही'. डीलरकडे तुम्ही स्वतःच ते प्रमाणपत्र मागा. दाखवत नसेल तर चहा पण पिऊ नका.

ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांची मुदत आहे. ती मुदत पोलीस ठाण्याच्या फेऱ्यांत घालवू नका. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच असं लिहिलंय. माझ्या तारखा त्याच्या कितीतरी पुढे गेल्या. आणि डीलरच्या वकिलाचं म्हणणं काय, तर व्यवहार ३५,००० चाच आहे, बघा पावती. उरलेले ९०,००० मी दिले हे सिद्ध कशाने करू? रोख देऊ नका. दोन हजार जास्त पडले तरी चालतील, प्रत्येक पैसा खात्यातून द्या.

ट्रान्सफर आपल्या नावावर होईपर्यंत निदान पंचवीस-तीस हजार मागे ठेवा. तोंडी 'दादा, आठ दिवसांत होतंय' यावर थांबू नका. मिस्त्री आपल्या गावचा न्या, डीलरच्या दारातला नको, आणि त्याला पाचशे रुपये देऊन गालिचाचा एक कोपरा तरी उचलायला लावा. नको म्हणाला डीलर तर निघून या. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ बघा. शक्य असेल तर मूळ मालकाशी एकदा फोनवर बोला. मी चिपळूणच्या गृहस्थांना आधी फोन केला असता तर दोन मिनिटांत सगळं कळलं असतं. आणि घरातलं कोणी वास येतोय म्हणालं तर त्याला गप्प करू नका.

दिल्लीच्या स्वस्त गाड्यांबद्दलही गावात विचारणा चालू आहे. तिकडे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा आल्यापासून त्या इकडे येतात. गाडी चांगली असेलही, पण तिथली एनओसी हातात आल्याशिवाय आणि इथला टॅक्स किती बसेल हे विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.

गेल्या महिन्यात एक जण गोठ्यापाशी येऊन गाडी बघून गेला. ४०,००० देतो म्हणाला. 'आरसी चालू आहे ना, बाकी आम्ही बघतो. रंग मारून काढू.' ४०,००० ची मला फार गरज आहे. मी नाही म्हणालो. चिपळूणच्या मालकांशी बोललोय, नोंदणी रद्द करायच्या अर्जावर सही करायला ते तयार आहेत. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत वकील गाडी हलवू नका म्हणतात, म्हणून ती तिथेच आहे, आणि मागचा उजवा बेल्ट मी शेवटपर्यंत ओढून तसाच बांधून ठेवलाय, रेघ दिसेल असा.