पालकांसाठीचे बालसुरक्षा सत्र: जरूर जावे असे, पण एका ठिकाणी अपुरे

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील आमच्या धर्मग्रामात (कॅथलिक चर्चच्या पॅरिशमध्ये) धर्मशिक्षणाच्या वर्गांना येणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी रविवारच्या मराठी मिस्सेनंतर (चर्चमधील सामूहिक उपासनेनंतर) बालसुरक्षेचे विनामूल्य सत्र घेण्यात आले. ते घेणाऱ्या प्रशिक्षिका मुलांच्या समुपदेशनाचे काम करणाऱ्या आणि धर्मग्रामाबाहेरच्या होत्या. हे फार बरे झाले, कारण रोज भेटणाऱ्या माणसासमोर या विषयावर तोंड उघडायला आपल्याकडे कोणी धजावत नाही.

सुरुवातीलाच त्यांनी महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ सालच्या पाहणीचा आधार घेतला. त्या पाहणीतील निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे लैंगिक शोषण झाल्याचे सांगितले होते आणि शोषण करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. आपण मात्र मुलांना केवळ अनोळखी माणसाची भीती घालत राहतो. नामकरणाच्या किंवा लग्नाच्या समारंभात, एखाद्या नातेवाइकाला मिठी मारायला मूल तयार नसेल तर त्याला पुढे ढकलू नये, असे त्या म्हणाल्या तेव्हा सभागृहात चुळबुळ झाली. तरीही आपला नकार घरात मानला जातो हे ज्या मुलाला ठाऊक असते, त्याला बाहेरही नकार देण्याचे बळ येते, हा त्यांचा मुद्दा मला पूर्णपणे पटला.

सत्रातील सर्वांत मोलाचा भाग सरावाचा होता. मुलाने काही सांगितले तर आपल्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघेल, हे त्यांनी प्रत्येकाला मोठ्याने बोलायला लावले आणि बहुतेकांच्या तोंडून "तू तिथे गेलासच कशाला?" किंवा "आधी का नाही सांगितलेस?" असेच काहीतरी निघाले. त्याऐवजी "तू सांगितलेस हे बरे केलेस, माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझी काही चूक नाही" एवढेच म्हणावे, तपशील खोदून विचारू नयेत, कोणालाही सांगणार नाही असे वचन देऊ नये आणि घटना ताजी असेल तर मुलाचे कपडे धुऊ नयेत, हे त्यांनी घाई न करता समजावले. हे सारे कागदावर वाचण्यात आणि स्वतःच्या आवाजात उच्चारण्यात फार अंतर आहे.

कायद्याची माहितीही नेमकी होती. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार, अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला संरक्षण आहे. गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने गणवेशाविना नोंदवायचा असतो आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. १०९८ ही मुलांसाठीची मोफत मदतवाहिनी १९९६ साली मुंबईतच सुरू झाली, हे कित्येक पालकांना ठाऊक नव्हते.

सत्र अपुरे पडले ते चर्चच्या आवाराविषयी बोलताना. शिकवणी, लिफ्ट, शाळेची बस, मोबाइल यांवर सविस्तर चर्चा झाली. परंतु वेदीसेवकांची (मिस्सेत फादरांना मदत करणाऱ्या मुलांची) सहल, गायनवृंदाचा सराव किंवा मे महिन्यात गावठाणातील क्रुसापाशी संध्याकाळी होणारी प्रार्थना यांबद्दल प्रश्न आला तेव्हा आयोजकांनी वेळेचे कारण देऊन तो पुढे ढकलला. हा संकोच मला गैर वाटतो. धार्मिक संस्थेतील व्यक्तीने त्याच संस्थेतील मुलावर केलेला लैंगिक अत्याचार पोक्सो कायदा अधिक गंभीर मानतो. चर्चमधील अशा अत्याचारांच्या प्रश्नावर फेब्रुवारी २०१९ मध्ये व्हॅटिकनमध्ये भरलेल्या परिषदेच्या आयोजकांत मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस होते आणि त्याच वर्षी पोप फ्रान्सिस यांनी असे प्रकार चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवणे धर्मगुरू व धर्मभगिनींना बंधनकारक केले. जे चर्च स्वतः इतके स्पष्ट बोलले आहे, त्याच्या सभागृहात पालकांनी कुजबुजत का राहावे? फादरांच्या कानावर घालणे म्हणजे तक्रार नोंदवणे नव्हे, पोलिसांकडे वेगळे जावेच लागते, हे वाक्य त्या दिवशी ठामपणे उच्चारले जायला हवे होते. प्रथम ख्रिस्तप्रसादाची (फर्स्ट कम्युनियनची) तयारी करणाऱ्या मुलांचे पापनिवेदन (फादरांजवळ पापांची कबुली) सर्वांच्या नजरेसमोर, पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर व्हावे, आणि कोणत्याही उपक्रमात एकटा प्रौढ एकट्या मुलासोबत नसावा, हे नियम प्रत्येक पालकाने आपल्या धर्मग्रामाकडे लेखी मागावेत.

बसण्याची व्यवस्था ठीक होती, ध्वनिक्षेपक मधूनमधून बंद पडत होता. वडिलांची उपस्थिती नगण्य होती आणि ते मला सर्वाधिक खटकले. तुमच्या धर्मग्रामात असे सत्र असेल तर दोघांनीही जावे, शक्य असल्यास मुलांना सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनाही न्यावे आणि बालसुरक्षेसाठी नेमलेल्या व्यक्तीचे नाव व दूरध्वनी क्रमांक मिस्सेच्या वेळापत्रकाशेजारी फलकावर लावायला सांगूनच घरी परतावे.