चॅट्सवर्थला मुक्काम कुठे करावा: गावातल्या पबात की शहराकडेच्या हॉटेलात?

आई-बाबा इंग्लंडला आले की डर्बीशरमधला चॅट्सवर्थ हाउस हा ड्यूकांचा वाडा यादीत असतोच, आणि मग राहायचं कुठे हा प्रश्न येतो. लंडनच्या बाजूने जाऊन एका दिवसात परत येणं मी धरतच नाही. आम्हाला स्लाउहून जायलाच तीन तास लागतात, आणि म्हाताऱ्या माणसांना सहा तास गाडीत बसवून वाडा दाखवण्यात अर्थ नाही. दोन रात्री हव्यातच.

मी दोन्ही करून पाहिलंय. तीन वर्षांपूर्वी चेस्टरफील्ड शहराच्या कडेला, मोठ्या रस्त्यालगतच्या एका चेन हॉटेलात राहिलो. गेल्या जूनमध्ये वाड्यापासून दीडेक मैलावरच्या गावात, पबच्या वरच्या खोल्यांमध्ये. माणसं तीच: आई, बाबा, बायको, मुलगी आणि मी.

हॉटेलबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं होतं. लिफ्ट होती. पाचजणांना लागून लागून दोन ऐसपैस खोल्या मिळाल्या. रात्री साडेनऊला भूक लागली तरी गावात जाऊन गरम नान-डाळ खाता आली. चेस्टरफील्डच्या सेंट मेरी चर्चचा पिळवटलेला वाकडा कळस बाबांनी खिडकीतून पाहिला आणि तो असा का झाला असेल यावर दोन दिवस त्यांचे तर्क चालले. खोलीचं भाडंही पबच्या मानाने बरंच कमी. चॅट्सवर्थ तिथून नकाशावर पंचवीस मिनिटं.

अडचण आली ती दुपारी दोन वाजता.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि लहानपण रावेरच्या केळीच्या बागांमध्ये गेलेलं. चॅट्सवर्थमध्ये त्यांच्यासाठी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे केळ. जोसेफ पॅक्स्टन 1826 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, इथे मुख्य माळी म्हणून आला. त्याने मॉरिशसहून आलेलं केळीचं रोप इथल्या काचघरात वाढवलं, 1835 साली त्याला फुलोरा आणला आणि मालकांच्या घराण्यावरून त्या केळीला कॅव्हेंडिश नाव पडलं. आपली बसराई काय आणि हल्ली जळगावात सगळीकडे दिसते ती ग्रँड नैन काय, दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्याच. दुसरी गोष्ट म्हणजे एम्परर कारंजं. रशियाचा झार पहिला निकोलस येणार म्हणून वाड्याचा मालक, डेव्हनशरचा सहावा ड्यूक, याने 1844 साली पॅक्स्टनकडून ते करवून घेतलं. झार आलाच नाही, पण कारंजं राहिलं. वरच्या टेकडीवर त्यासाठी तळं खोदलंय आणि तिथून येणाऱ्या पाण्याच्या नुसत्या दाबावर ते उडतं, पंप नाही. बाबा त्या काठावर अर्धा तास उभे होते. नळाचा व्यास किती असेल, वरून खाली उतार किती, हे मला समजावून सांगत होते. मी त्यांना इतकं खुश फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

त्याआधी त्यांनी आतली दालनं पाहिली होती, जिने चढले-उतरले होते. बाग 105 एकरांची. दोन वाजेपर्यंत त्यांचे पाय भरून आले. घरी रोज दुपारी तासभर आडवं होणारा चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. बाकी आम्हा चौघांची बाग अजून अर्धीही झालेली नव्हती. हॉटेलला जायचं तर पंचवीस मिनिटं जाणं, पंचवीस मिनिटं येणं, आणि सुटीच्या दिवशी वाड्याजवळच्या बॅस्लो गावाच्या बाजूला लागणारी गाड्यांची रांग वेगळीच. बाबा म्हणाले, "मी गाडीत पडतो, तुम्ही बघून या." मी पुढची सीट जमेल तेवढी मागे टेकवली, काच दोन बोटं खाली केली, माझं जॅकेट त्यांच्या मानेखाली दिलं. तासाभराने परत आलो तर ते झोपले होते, मान एका बाजूला कललेली, ऊन सरकून थेट तोंडावर आलेलं, आणि बेल्टच्या बकलाचा वळ हातावर उठलेला. उठल्यावर म्हणाले, छान झोप लागली. मला मात्र तो वळ अजून दिसतो.

माझ्यासाठी निकाल तिथेच लागला. कदाचित तुमच्याकडची माणसं दिवसभर टणटणीत राहत असतील, तर हा मुद्दा तुम्हाला फार मोठा वाटणार नाही.

आता पब. आईच्या कपाळावर आठी आली हे खरं. तिच्या मनात पब म्हणजे बार. प्रत्यक्षात खाली दगडी भिंतींची बैठक, कोपऱ्यात शेगडी, गावातली म्हातारी जोडपी जेवायला आलेली, टेबलांखाली कुत्री शांत पडलेली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच तिथे खिडकीशी बसून विणत होती.

त्रास आहेत. जिना अरुंद, उभा आणि वळणाचा, लिफ्टचा प्रश्नच नाही. बॅगा मी एकेक करून वर नेल्या. स्नानघराच्या दाराला माझं डोकं लागलं, जुन्या तुळया खरंच खाली असतात. आमच्या खोलीखाली बार होता, पहिल्या रात्री अकरापर्यंत खुर्च्या सरकण्याचा आवाज येत होता. आई-बाबांची खोली मागे अंगणाकडे होती, तिथे काही ऐकू आलं नाही. तेव्हा बुकिंग करताना फोन करून मागची खोली मागा. वेबसाइटवर हे कळत नाही.

शाकाहारी जेवणात एक 'पाय' (pie), एक मश्रूमचं काहीतरी आणि सूप, एवढंच. दोन रात्री निभतं, चौथ्या रात्री कंटाळा येईल. आईने मेतकूट आणि लोणचं आणलं होतं. रविवार मात्र सांभाळा. अशा बऱ्याच पबांत रविवारी दुपारचं रोस्ट झालं की स्वयंपाकघर लवकर बंद होतं आणि संध्याकाळी गावात दुसरं काही उघडं नसतं. जवळच्या बेकवेल या छोट्या शहरात जावं लागतं.

पण दुपारी दोनला काय झालं ते सांगतो. बाबा थकले. गाडीने त्यांना पाच मिनिटांत खोलीवर आणलं. मी चहाची किटली लावेपर्यंत ते पांघरूण घेऊन आडवे झाले होते, पडदा ओढलेला, बूट पलंगाखाली. गाडी तिथेच ठेवून मी वाड्याभोवतीच्या पार्कातून चालत परत गेलो. पार्कातल्या पायवाटेला तिकीट लागत नाही, मेंढ्या वाटेतून हलत नाहीत एवढंच. तोवर त्या तिघी बाग आटोपून स्टेबल्सच्या, म्हणजे वाड्याच्या जुन्या तबेल्यांच्या, अंगणात चहा घेत होत्या. आईला उठायची घाई करावी लागली नाही, कुणी गाडीत वाट बघत नव्हतं.

आणि मग संध्याकाळ. हॉटेलात राहणाऱ्याला ही मिळत नाही असं नाही, पण तो पुन्हा गाडी काढत नाही, मीही काढली नव्हती. जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. जेवण झाल्यावर ताजेतवाने झालेले बाबाच म्हणाले, चला. डर्वेंट नदीच्या काठाकाठाने आम्ही वाड्यासमोरच्या दगडी पुलापर्यंत गेलो. दिवसाची सगळी गर्दी गेलेली. वाड्याच्या पश्चिमेकडच्या खिडक्यांच्या चौकटींना सोन्याचा मुलामा आहे. दुपारी ते लक्षातही येत नाही. उतरतं ऊन थेट त्यांच्यावर पडलं आणि एकेक चौकट वेगळी पेटल्यासारखी दिसायला लागली. मुलगी खिडक्या मोजत होती. बाबा पुलाच्या कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होते. पंधरा मिनिटं आमच्याशिवाय तिथे फक्त मेंढ्या होत्या.

पैशांचं म्हणाल तर आम्हाला पब जवळजवळ दीडपट पडला, न्याहारी धरून. न्याहारी भक्कम होती, दुपारचं जेवण थोडक्यात भागलं, त्यामुळे फरक थोडा कमी झाला. कॉटेज भाड्याने घेण्याचा पर्याय आहे आणि स्वयंपाकघर मिळतं, पण उन्हाळ्यात दोन रात्रींसाठी कॉटेज मिळणं अवघड, आणि आईला सुटीतही ओट्यापाशी उभं करणं मला नको होतं. बेकवेलमधली हॉटेलं मधला मार्ग म्हणून ठीक आहेत. बाजार आहे, तिथलं प्रसिद्ध बेकवेल पुडिंग आहे, पण वाड्याला जायला गाडी लागतेच.

ज्यांचे गुडघे जिना अजिबात चढू देत नाहीत, त्यांनी सरळ लिफ्टवालं हॉटेल घ्यावं, त्यात दुसरा विचार नको. खूप लहान मुलं असतील आणि ती रात्री रडत असतील, तरी पबच्या पातळ लाकडी जमिनीपेक्षा हॉटेल बरं. बाकीच्यांनी बीली, पिल्सली, बॅस्लो, रोझ्ली या बाजूला खोली शोधावी. पार्कातून पायी जाता येईल असं गाव मिळालं तर उत्तमच. एडेन्सरही वाटेत बघा. ते गावच एका ड्यूकने आपल्या मर्जीने उठवून पुन्हा बांधलेलं, आणि तिथल्या चर्चच्या आवारात जॉन केनेडींची बहीण कॅथलीन हिची कबर आहे. अमेरिकेचे अध्यक्ष असताना 1963 च्या जूनमध्ये ते स्वतः तिथे येऊन गेले होते. आई तिथे फुलं ठेवून आली.

या सप्टेंबरात सासू-सासरे येताहेत. त्याच गावात शुक्रवार-शनिवारच्या दोन रात्री घेतल्या आहेत, मागच्या अंगणाकडच्या खोलीसाठी फोनही केलाय.